हिरवा चहा, ८० अंश आणि लातूरचे पाणी

१/ ‘हिरव्या चहासाठी पाणी ८० अंशांपर्यंतच तापवावे, उकळू देऊ नये.’ लातूर-नांदेडातही हा उपदेश आता आरोग्यमंत्र म्हणून फिरतो. चवीचा सल्ला म्हणून तो अर्धसत्य आहे. पाण्याविषयीचा सल्ला म्हणून आपल्या प्रदेशात तो चूक आहे.

२/ आठव्या शतकात चीनमध्ये लू यू याने चहावर ग्रंथ लिहिला. तापमापक नव्हता, उकळीच्या तीन अवस्था त्याने डोळ्यांनी ओळखायला शिकवल्या: माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे, मोत्यांच्या सरी, मग लाटा. चहाची पूड तो दुसऱ्या उकळीत टाकी. उकळीचे वावडे हा सनातन नियम नव्हे.

३/ मग ८० अंश आले कोठून? जपानी सेंचाची कोवळी पाने वाफवलेली असतात. फार गरम पाण्यात त्यांतील कडू-तुरट द्रव्ये अधिक उतरतात आणि गोडवा झाकला जातो. त्या पानापुरते हे रास्तच. पण मोरोक्कोत पुदिन्यासह हिरव्या चहावर उकळते पाणीच ओततात आणि काश्मिरी नून चहाची हिरवी पाने बराच वेळ उकळतात.

४/ आता आपले पाणी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान मिरजेहून आलेल्या ‘जलदूत’ रेल्वेने भागवली. पहिल्या खेपेत सुमारे ५ लाख लिटर. टँकरचे, बोअरचे, साठवलेले पाणी ज्यांनी प्यायले, त्यांना ‘उकळू नका’ सांगणे हा बेजबाबदारपणा आहे. तापमापक नसलेल्या स्वयंपाकघरात खळखळती उकळी हाच डोळ्यांना दिसणारा पुरावा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही तोच.

५/ ‘आमच्याकडे फिल्टर आहे’ म्हणणाऱ्यांचा प्रश्न सुटला. बाकीच्यांचे काय?

६/ शिवाय बोअरचे पाणी जड. उकळले की त्यातील काही क्षार पांढरा थर होऊन तळाशी बसतात. जड पाण्यात चहाची चव मंदावते आणि वर साय धरल्यासारखा तवंग येतो. म्हणजे उकळी चवीच्याही कामाची.

७/ म्हणून आधी उकळा, मग निववा. जपानमध्ये पाणी निववण्यासाठी ‘युझामाशी’ नावाचे वेगळे भांडे असते. आपल्याकडे तांब्या आणि फुलपात्र आहे. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना दर वेळी पाण्याची आच उतरते.

८/ मराठीत वेष्टने छापणाऱ्यांकडे मागणी एवढीच: ‘८० अंशांपर्यंत तापवा’ हे काढा, ‘उकळून ८० अंशांपर्यंत निववा’ असे छापा.