अंदाज दुसऱ्याचा, हिशेब आपला

बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ नावाचे एक गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथल्या शेतात घट मांडतात. मधोमध मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि भोवती गोलाकार ठेवलेली धान्ये. रात्रभर तिथे कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे घटातले बदल पाहून पाऊस किती, कोणते पीक साधेल, देशाची आर्थिक स्थिती कशी राहील, हे सांगितले जाते. ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात. या परंपरेविषयी वाद आहेत. त्यांत आज शिरायचे नाही. पेरणीचा सगळा पैसा एका पावसावर लागलेला असताना माणसाला पुढचे काही कळावेसे वाटते, यात नवल ते काय?

प्रश्न पुढचा आहे. अंदाज ऐकून घरी आल्यावर वहीत काय मांडायचे? घटमांडणी असो, हवामान खात्याचे भाकीत असो की दूरदर्शनवरचा अर्थसंकल्प असो, अंदाज दुसरा कोणी सांगतो. हिशेब मात्र आपला आपल्यालाच करावा लागतो, आणि नेमका तोच आपण उद्यावर टाकतो.

आपल्या मुलांना हिशेब शिकवलाच जात नाही, असे नाही. आठवीत चक्रवाढ व्याज येते. २०१८ साली आलेल्या दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात तर ‘अर्थनियोजन’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात वस्तू व सेवा कर आहे, शेअर आणि म्युच्युअल फंड आहेत. पुढे वाणिज्य शाखेत महागाई, व्याजदर, मागणी-पुरवठा येतात. मुले उदाहरणे सोडवतात, गुणही मिळवतात. पण खामगाव-मेहकरकडच्या एखाद्या घरात ओट्यावर बसून मुलगा कुठल्याशा काल्पनिक कंपनीचा लाभांश काढत असतो, आणि आत त्याचे वडील उद्या सोयाबीन विकावे की ठेवावे या विचारात येरझाऱ्या घालत असतात. दोघांचे उदाहरण एकच आहे, हे दोघांनाही कोणी सांगितलेले नसते.

वास्तविक ही आपली जुनी विद्या आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त व्याजाची उदाहरणे आहेत. एका उदाहरणात दर महिना शेकडा पाच या दराने वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज मिळून एक हजार होतात. तर मुद्दल किती आणि व्याज किती, असे विचारले आहे. उत्तर आहे ६२५ आणि ३७५. सहज लक्षात येईल की हा दर वर्षाला साठ टक्के पडतो! साडेआठशे वर्षांपूर्वीच्या गणितीनेही विद्यार्थ्यापुढे व्यवहारातलेच उदाहरण ठेवले होते. तेव्हा आजच्या रविवारी आपणही आपल्या घरातली काही उदाहरणे मांडून पाहू. कागद-पेन्सिल मात्र हाताशी हवी.

पहिले उदाहरण व्याजाच्या भाषेचे. बँक वर्षाचा दर सांगते, गावातला सावकार महिन्याचा. ‘फक्त शेकडा तीन’ हे कानाला हलके लागते. वर्षाचे ते छत्तीस टक्के होतात. व्याज थकून मुद्दलात मिळत गेले, तर लाखाचे वर्षाअखेर एक लाख साडेबेचाळीस हजारांवर जातात. इथे एक सोपी युक्ती आहे. बहात्तरला दराने भागा. जो आकडा येईल तितक्या मुदतीत चक्रवाढीने रक्कम दुप्पट होते. महिना तीन टक्क्यांनी चोवीस महिने, महिना दोन टक्क्यांनी छत्तीस. हीच युक्ती ठेवीलाही लागू पडते: वर्षाला सात टक्के मिळत असतील, तर दुप्पट व्हायला दहा वर्षांहून थोडा अधिक काळ हवा. याहून फार लवकर दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला, कसे, हे विचारण्याचा अधिकार या एका भागाकाराने मिळतो. आणखी एक गोष्ट घरात सर्वांना ठाऊक असावी. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला किती दराने कर्ज द्यावे हे शासनाने ठरवून दिले : तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारण कर्जावर १२. ‘शेकडा तीन’ त्याच्या तिप्पट आहे.

दुसरे उदाहरण घरातल्या बाईच्या नावावर होणाऱ्या कर्जाचे. चाळीस हजारांचे कर्ज, एका वर्षाची मुदत, बारा टक्के व्याज, आणि हे व्याज पूर्ण चाळीस हजारांवर वर्षभर धरलेले. म्हणजे ४,८०० रुपये व्याज आणि महिन्याचा हप्ता सुमारे ३,७३३. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, म्हणून वर्षभरात सरासरीने आपल्या हाती चाळीस हजार नव्हे, तर निम्म्याहून थोडे अधिक पैसे असतात. त्या हिशेबाने खरा दर एकवीस-बावीस टक्के पडतो. सही करण्याआधी ‘व्याज घटत्या शिलकेवर की पूर्ण रकमेवर?’ एवढे विचारले, तरी अर्धे उदाहरण सुटले.

तिसरे उदाहरण सगळ्यांत जिव्हाळ्याचे. दिवाळीच्या तोंडावर वीस क्विंटल सोयाबीन घरात आले आहे. समजा, भाव ४,२०० रुपये आहे. माल ८४,००० रुपयांचा झाला. कृषी केंद्राची उधारी आहे, मुलीची फी आहे, रब्बीचे बियाणे आहे; ६३,००० रुपये आत्ता हवेत. विकावे की ठेवावे? माल ठेवून शेकडा तीनने पैसे काढले, तर पाच महिन्यांचे व्याज ९,४५० रुपये, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ४७२. मार्चपर्यंत भाव तेवढा चढला नाही, तर ठेवलेला माल तोट्यात गेला. आता दुसरी वाट पाहा. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला, की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. व्याज वर्षाला सहा टक्के, मुदत सहा महिने. चौऱ्याऐंशी हजारांचे पाऊण म्हणजे बरोबर ६३,०००. पाच महिन्यांचे व्याज १,५७५. क्विंटलमागे एकोणऐंशी रुपये. वाळून होणारी घट आणि जाण्यायेण्याचा खर्च यात मिळवा आणि मग ठरवा. भाव वाढेल की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. पण किती वाढला तर परवडेल, हे पाच मिनिटांत काढता येते. अंदाज आणि हिशेब यांतला फरक तो हाच.

आता जरा मोठ्या वर्तुळाकडे जाऊ. २०१३-१४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव २,५६० रुपये होता, २०२४-२५ मध्ये ४,८९२. दुपटीच्या जवळ गेला म्हणून समाधान मानावे काय? महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर अकरा वर्षांपूर्वीचे २,५६० म्हणजे २०२४-२५ चे सुमारे ४,३७८. हमीभाव त्याच्या पुढे आहे हे खरे. पण २०२४ च्या हंगामात अनेक कास्तकारांना सोयाबीन हमीभावाखाली विकावे लागले. हाती ४,२०० पडले असतील, तर आकडा वाढूनही त्या पैशात घरात येणारे सामान कमीच झाले. ‘मिळकत वाढली, पण पुरत नाही’ ही घरातली नेहमीची तक्रार म्हणजेच अर्थशास्त्रातले खरे मोल आणि नाममात्र मोल.

शेवटचे उदाहरण तेलाच्या पिंपाचे. आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले. मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणले. शुल्क वाढले की सोयाबीनला आधार मिळण्याची आशा, पण फोडणी महाग. समजा, घरात महिन्याला तीन लिटर तेल लागते आणि लिटरमागे वीस रुपये वाढले : वर्षाला ७२० रुपये जादा. त्याच वेळी सोयाबीन क्विंटलमागे शंभर रुपयांनी चढले, तर वीस क्विंटलवाल्याला दोन हजार अधिक मिळाले. त्याचे निभावले. पण शेजारच्या भूमिहीन मजुराच्या घरी फक्त ७२० चा खड्डा पडला. एकच निर्णय एकाच गल्लीतल्या दोन घरांत दोन तऱ्हेने उतरतो. हे एकदा मांडून पाहिले, की अर्थसंकल्पाची बातमी परकी वाटत नाही.

वऱ्हाडाला हे धडे नवे नाहीत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळले. १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचली आणि आपला बाजार जगाशी कायमचा जोडला गेला. तेव्हापासून आपल्या पऱ्हाटीचा भाव आपल्या वावरात ठरत नाही.

कोणी म्हणेल, हिशेब करून पाऊस पडतो काय? भाव वाढतो काय? नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलडाणा होता. त्यामागे किती घरांचे दुःख होते, हे इथे कोणाला सांगायला नको. कर्जात बुडालेल्या माणसाला गणित येत नव्हते, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. पडलेल्या भावाची आणि ओस पडलेल्या सिंचनाची जबाबदारी त्रैराशिकावर ढकलता येणार नाही. पण घरातला हिशेब एकट्या कर्त्या पुरुषाच्या मनात राहतो, वहीत उतरत नाही, तेव्हा त्याचा भार वाढतो. किती देणे आहे, कोणत्या दराने आहे, आधी कोणते फेडायचे, हे बायकोला आणि मुलांना ठाऊक असेल, तर निदान तो भार वाटला जातो.

शाळा-महाविद्यालयांतील गुरुजनांना म्हणूनच एक विनंती. पुस्तकातली उदाहरणे जरूर सोडवून घ्या. पण वर्षातून चार उदाहरणे मुलांना घरून आणायला सांगा. कोणाचे नाव नको, फक्त आकडे. तारण कर्जाचे एक, बचत गटाच्या हप्त्याचे एक, आईच्या किराण्याच्या यादीचे एक, सोयाबीनच्या पट्टीचे एक. त्यांची उत्तरे पुस्तकामागे छापलेली नसतील. वर्गाने ती मिळून काढावीत.

आणि घरच्यांनी शाळेची वाट कशाला पाहावी? आज रविवार आहे. दुपारच्या जेवणानंतर जुनी वही काढा, मुलांना शेजारी बसवा, देणी एका बाजूला लिहा, येणी दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक देण्यापुढे वर्षाचा दर मांडा. सर्वांत मोठा दर वर आला, की आधी काय फेडायचे, ते घरातला सर्वांत धाकटाही सांगेल.