‘दोन हजारानं काय होतंय?’ म्हणणाऱ्या दादांस

दादा,



गणपतीला मुंबईहून आजऱ्यात आलात आणि मी दिलेल्या लाचेवरून चारचौघांत मला म्हणालात, “दोन हजारानं काय होतंय रे? टाकायचे आणि मोकळं व्हायचं.” सगळे हसले. मीपण हसल्यासारखं केलं. ते मनात सलतंय, म्हणून हे उघड पत्र.

तुम्हीही दिलेत की! फार्महाऊसच्या परवानगीला किती मोजले ते तुम्हीच ऐटीत सांगितलंत. जे नियमानं मिळणार नव्हतं ते तुम्ही विकत घेतलंत. मी काय घेतलं? वडील गेले, वीस गुंठ्यांवर आईचं आणि माझं नाव लागायचं होतं. नोटीस काढायची, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर नोंद मंजूर करायची, असा नियम. हरकत घ्यायला आम्हाला भाऊबंदसुद्धा नाही. पण उन्हाळ्यात दिलेला कागद लावणी झाली तरी त्या कचेरीतून (नाव घेत नाही) हलला नाही. कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर डाऊन.

नाव नाही म्हणून सोसायटीचं पीककर्ज नाही. पीएम किसानचा हप्ता नाही, आणि तो हप्ता तरी केवढा, दोन हजारच! त्यात हत्ती आला. अर्धा ऊस आणि घनसाळची पोटरीतली भातं तुडवून गेला. वनखात्याच्या भरपाईला सातबारा लागतो, सातबाऱ्यावर अजून वडीलच. शेवटी बायकोनं काजू फॅक्टरीतून उचल घेतली आणि कचेरीत ते दोन हजार ‘टाकले’. ती उचल फिटेपर्यंत तिची हजेरी घरात येत नव्हती. दादा, दोन हजारानं हे होतंय.

“मग तक्रार का केली नाहीस?” हेही विचारलंत. लाचलुचपत खात्याचा 1064 नंबर मला पाठ आहे. 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो; बळजबरीनं द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायचं. कलम तुम्हाला आणि मला एकच. पण लाचलुचपतवाल्यांचं ऑफिस कोल्हापुरात, इथून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. रोजगार बुडवून, एसटीचं तिकीट काढून गेलो, सापळा लागला, साहेब धरले, तरी पुढं मोजणीला, उत्पन्नाच्या दाखल्याला, पोरीच्या जातीच्या दाखल्याला त्याच दारात मलाच उभं राहायचं आहे. तुम्ही गेलात की आधी खुर्ची पुढं येते, मग चहा.

तुमच्या पैशाचा मला राग नाही. कष्टानं मिळवलेत, सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण तुमच्यासारख्यांनी न मागता दिलेल्या पाकिटांनी भाव ठरतो, आणि तो आम्हाला सांगितला जातो.

आमच्या वाडीतल्या एका काकूंची वारस नोंद अजून तशीच पडून आहे. साहेबांशी तुमची ओळख आहे म्हणता ना? एकदा काकूंसोबत जा. पाकीट खिशातच ठेवा, आणि खुर्ची पुढं आली तर काकूंना बसवा.

तुमचा,
वाडीतला धाकटा