उजनीचा मासा आणि लपवलेलं पातेलं

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी पुतणीच्या मंगनीची बोलणी करायला पुण्याहून पाहुणे आले होते. बिर्याणी होती, दालचा होता, मटणाचं सालन होतं. त्याच दिवशी पहाटे आमच्या ओळखीच्या भोई मामांनी उजनीच्या पाण्यातली ताजी चिलापी आणून दिली होती. मी तिचं चिंचेतलं सालन केलं. पाहुण्यांची गाडी दारात लागली, तशा सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि ते पातेलं त्यांनी आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. "मेहमानां के सामने मच्छी? लोगां क्या बोलेंगे?"

वास काही लपला नाही. एका बुजुर्गांनी विचारलंच, घरात मासा शिजलाय का म्हणून. मी हो म्हटलं. त्यावर त्यांच्यातला एक तरुण हसून म्हणाला, "उजनीचा ना? आम्ही नाही खात. त्या पाण्यात सगळी घाण येते."

आम्ही मुलीकडचे. मी गप्प बसले. मंगनी झाली, निकाहही झाला, मुलगी सुखात आहे, अल्हम्दुलिल्लाह. तेव्हा गिळलेलं आता लिहायला हरकत नाही.

त्या तरुणाला मला एवढंच विचारायचं होतं, की बाबा रे, ती घाण कुणाची?

पवना मुळेला मिळते, मुळा मुठेला मिळते. या नद्या पिंपरी-चिंचवड आणि पुण्यातून वाहतात आणि मुळा-मुठा म्हणून दौंड तालुक्यात भीमेला येऊन मिळतात. इंद्रायणीही भीमेलाच येते. वाटेत या नद्यांना शहरांचं, कारखान्यांचं पूर्ण शुद्ध न झालेलं सांडपाणी मिळतं. तेच पाणी पुढे उजनीत येऊन थांबतं. 1980 साली पूर्ण झालेलं, सुमारे 117 टीएमसी साठ्याचं हे धरण आहे. उन्हाळ्यात फुगवट्याकाठी गेलात तर पाण्याचा हिरवा रंग आणि जलपर्णी डोळ्यांनी दिसते, अहवाल वाचायची गरज नाही. म्हणजे घाण वरून सोडायची, शंभरेक किलोमीटर खाली येऊन आमच्या दस्तरखानावर बसायचं आणि नाकाला रुमाल लावून म्हणायचं, आम्ही नाही खात!

पण हे झालं पुण्याच्या पाहुण्याचं. आमच्या घरातलं पातेलं पुणेकरांनी लपवलं नव्हतं. ते आम्हीच लपवलं. म्हणून आज जास्त बोलायचंय ते आपल्याच माणसांशी.

आपल्या मुआशऱ्यात इज्जत मटणाच्या वजनावर मोजली जाते. दावतीत किती किलो गोश्त शिजलं, बिर्याणीत बोट्या किती निघाल्या, यावर महिनाभर चर्चा होते. कर्ज काढून गोश्त शिजवणारी घरं मी पाहिली आहेत. आणि मासा? तो गरिबाचा, तो गुपचूप खायचा. समुद्राची सुरमई-पापलेट असेल तर तेवढी चालते, कारण ती महाग असते. सोलापूरच्या बाजारात ती बर्फात किती दिवस राहून आली हे कुणी विचारत नाही. वीस किलोमीटरवरच्या पाण्यातून पहाटे निघालेला मासा मात्र आपल्याला हलका वाटतो.

हा विचार दीनमधून आला म्हणावं, तर तसंही नाही. सूरह फातिरच्या बाराव्या आयतीत दोन पाण्यांचा उल्लेख आहे, एक गोड आणि दुसरं खारं. दोन्हींतून तुम्हाला ताजं मांस मिळतं, असं तिथे सांगितलंय. गोड पाण्याचा मासा कमी प्रतीचा, असं तिथे कुठेही नाही. उलट ताजेपणाचा खास उल्लेख आहे. माशाला जबीहाची अटही नाही. हनफी-शाफई मतभेद आहे तो खेकडा-कोळंबीसारख्या जिवांवर, माशावर नाही. आज बाजारात मांस कुणी कापलं, कुणाच्या दुकानातून घेतलं, यावरून माणसं तोडण्याचं काम जोरात सुरू आहे. अशा वेळी मासा ही अशी गोष्ट आहे की हिंदू भोयाने जाळ्यातून काढावा आणि मुसलमानाच्या चुलीवर तो निःशंक शिजावा. मध्ये कुणाच्या शिक्क्याची गरज पडत नाही. भोई मामा माझ्या अम्मीच्या वेळेपासून आमच्याकडे मासा देतात. मला ते "बाई" म्हणतात, कारण त्यांची नात माझ्याकडे शिकली.

आता वासाबद्दल. "मच्छी कू बास आती" हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं, त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात एकदाही मासा साफ केलेला नसतो, हे मी खात्रीने सांगते. अम्मी म्हणायची, "ताजी मच्छी कू बास नै रहती, बास तो बासी मच्छी कू रहती." कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, बोटाने दाबलं तर मांस पुन्हा वर यायला हवं. खवले काढा, कल्ले काढून टाका. पोटाच्या आत एक काळा पापुद्रा असतो, तो खरवडून काढा. बहुतेक जण तो तसाच ठेवतात आणि मग कडू लागतं म्हणून माशाला नावं ठेवतात. मग मीठ, हळद आणि बेसन चोळून दोनदा धुवा. गोड्या पाण्याच्या माशाला कधीकधी मातीचा वास असतो. तो पाण्यातल्या शेवाळासारख्या सूक्ष्म जिवांमुळे तयार होणाऱ्या जिओस्मिन या द्रव्याचा. पहिल्या पावसानंतर माती दरवळते, तोच हा वास. आंबटाने तो कमी होतो. अम्मीला जिओस्मिन माहीत नव्हतं, पण लिंबू पिळून अर्धा तास ठेवायचं हे माहीत होतं. म्हणूनच आपलं सालन चिंचेचं असतं.

लसूण, आलं, कोथिंबीर, भाजलेलं सुकं खोबरं, थोडे तीळ, काळं तिखट, चिंचेचा कोळ. रस्सा उकळल्यावर तुकडे सोडायचे, चमचा घालायचा नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं. दहा-बारा मिनिटांत झालं. सोबत ज्वारीची भाकरी. एक किलो मटणाच्या पैशात किमान चार किलो चिलापी येते. ज्या घरात पाच तोंडं आहेत आणि एकाची मजुरी आहे, त्या घराला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. समजवायचंय ते आपल्यासारख्या पगारदारांना.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एकदा सातवीच्या वर्गाला मी पाच माशांची नावं लिहायला सांगितली, कोणत्याही भाषेत. शार्क आली, व्हेल आली, डॉल्फिन आला. त्यातले शेवटचे दोन तर मासेच नाहीत. मरळ एकाही पोराने लिहिली नाही. वाम कुणी ऐकलेली नव्हती. रोहू, कटला दोघांनी लिहिले. धरण इतक्या जवळ, की सहलीला फ्लेमिंगो बघायला आम्ही याच मुलांना भिगवणला नेतो. पक्षी त्या पाण्यात काय खायला येतात, हे त्यांना पाठ आहे. आपण त्याच पाण्यातून काय खात होतो, हे त्यांना ठाऊक नाही. जी वस्तू घरात शिजत नाही, तिचं नाव पोरांच्या तोंडी येत नाही. आणि ज्याचं नाव माहीत नाही, ते संपलं तरी कळत नाही.

चिलापीही मूळची इथली नाही. आफ्रिकेतली ही जात भारतात 1952 साली आणली गेली. ती चिवट आहे, खराब पाण्यातही तगते, म्हणून आज तीच जास्त सापडते. भोई मामा सांगतात, त्यांच्या तरुणपणी जाळ्यात जे दहा प्रकार यायचे, ते आता क्वचित दिसतात. म्हणजे माझ्या पातेल्यातली चिलापी हीसुद्धा नदीच्या बिघाडाची साक्षच आहे. हे मी लपवत नाही.

मग इथे कुणीतरी म्हणेल, बाई, तुम्हीच म्हणता पाणी खराब, आणि तुम्हीच म्हणता मासा खा? प्रश्न रास्त आहे. पण मासा सोडून आपण सुटलो का? सोलापूर शहर याच उजनीचं पाणी पितं. याच पाण्यावर ऊस पिकतो, भाजी पिकते. पाणी शुद्ध करून नळाला येतं, हे खरं. मग तेच काम नदीत सोडण्याआधी का होत नाही, हा प्रश्न कोण विचारणार? आज तो फक्त भोई विचारतो, कारण नुकसान त्याच्या जाळ्यात दिसतं. मामा मागे एकदा तक्रार घेऊन कचेरीत गेले होते. परत येऊन म्हणाले, "बाई, आम्ही आठच जण होतो. साहेबानं विचारलं, अजून कुणाला त्रास आहे का?"

त्या आठांत आपण का नव्हतो? कारण आपलं पोट त्या नदीवर नाही, असं आपण ठरवून टाकलंय. आपण चिकनच्या दुकानात वळलो आणि नदी भोयांची झाली. मासा खाणारे घटले की मासा मेल्याची बातमी फक्त मासेमाराची उरते. वरच्या शहरांना आणखी काय हवं?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. महिन्यातून दोन जुम्मे तरी घरात नदीचा मासा शिजू द्या. बर्फाचा नको, ओळखीच्या भोयाकडून, त्याच दिवशी निघालेला. मुलांना बाजारात सोबत न्या, नावं विचारू द्या. पुरुषांनी एकदा तरी खवले काढून बघावेत. आणि मग त्याच हक्काने मागणी करा, की उजनीच्या पाण्याची आणि माशांची तपासणी नियमित व्हावी आणि तिचे आकडे गावच्या चावडीवर मराठीत, उर्दूत लागावेत. मासा खाण्यालायक नाही असं उद्या तपासणीत निघालं, तर मी खाणं थांबवेन. पण गप्प बसणार नाही, कारण मग माझ्या ताटातून काय हिरावलं गेलं हे मला माहीत असेल.

येत्या रजबमध्ये पुतणीचे सासरचे पुन्हा येणार आहेत. मी मामांना सांगून ठेवलंय. या वेळी चिंचेचं सालन दस्तरखानाच्या मधोमध असेल. सासूबाईंना तसं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "चिंच जरा जास्त डाल."