पालिकेच्या दवाखान्यात 'एआय': तुमची माहिती किती सुरक्षित, सल्ला किती खात्रीचा?

बाळाचे लसीकरण, टीबीची औषधे, कुत्रा चावल्यावरची लस, जन्म-मृत्यूचे दाखले, डेंग्यूसाठी घरोघरी होणारी तपासणी. आपल्या आरोग्याशी जोडलेली ही कितीतरी कामे महापालिका, नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेचे कर्मचारी करतात. त्यासाठी ते आपले नाव, वय, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि आजार लिहून घेतात. या कर्मचाऱ्यांच्या हातातल्या मोबाइलमध्ये आता चॅटजीपीटी, जेमिनीसारखी 'जनरेटिव्ह एआय' साधनेही आली आहेत. त्यांचा वापर जबाबदारीने झाला नाही, तर रुग्णाचे काय नुकसान होऊ शकते? आणि आपण काय काळजी घ्यावी?

जनरेटिव्ह एआय म्हणजे काय?

आपण प्रश्न विचारला किंवा मजकूर दिला की ही साधने काही क्षणांत उत्तर, पत्र, भाषांतर किंवा सारांश लिहून देतात. प्रचंड प्रमाणातील मजकुरावरून ती शिकलेली असतात आणि पुढचा शब्द कोणता असू शकेल याचा अंदाज बांधत वाक्य तयार करतात. त्यामुळे उत्तर सफाईदार असते, पण बरोबर असेलच असे नाही. चुकीचे उत्तरही ती तितक्याच ठामपणे देतात. डॉक्टर शंका असेल तर थांबतो, विचारतो, पुन्हा तपासतो. या साधनांमध्ये तो संकोच बहुधा दिसत नाही.

कर्मचारी ही साधने का वापरतात?

एका आरोग्य सेविकेकडे लसीकरण, गरोदर मातांची नोंद, साथीच्या आजारांचे सर्वेक्षण आणि त्या सगळ्याचे अहवाल अशी कामे असतात. इंग्रजीत आलेली सूचना मराठीत करणे, बैठकीचा वृत्तांत लिहिणे, तक्रारीला उत्तर तयार करणे यात तासन्‌तास जातात. हे काम पाच मिनिटांत होत असेल, तर साधन वापरण्याचा मोह होणारच, आणि त्यात गैर काही नाही. वाचलेला वेळ रुग्णाशी बोलण्यात गेला तर फायदा आपलाच आहे. त्यामुळे आपण 'वापर करतात का?' यावर अडून न राहता 'कशासाठी करतात आणि त्यात काय टाकतात?' हे विचारायला हवे.

पहिला धोका: गुप्तता

समजा, टीबीच्या रुग्णांची यादी नीट लावून द्या म्हणून कोणी ती आपल्या मोबाइलवरच्या मोफत चॅटबॉटमध्ये टाकली. त्या क्षणी ती माहिती पालिकेच्या ताब्याबाहेर, एका खासगी कंपनीच्या यंत्रणेत जाते. अनेक मोफत साधनांमध्ये असा मजकूर पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. दिलेली माहिती परत मागवता येईल याची खात्री नसते.

नुसते नाव खोडून भागत नाही. 'अमुक वॉर्डातील 34 वर्षांच्या शिक्षिका, एमडीआर टीबी' एवढ्यावरूनही वस्तीत कोणाची ओळख पटू शकते. टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात या बाबतीत ओळख उघड होणे म्हणजे नोकरी, लग्न, भाड्याचे घर यांवर परिणाम. त्याहून मोठा धोका म्हणजे भीतीपोटी रुग्ण दवाखान्यातच येईनासा होतो. टीबीचे उपचार अर्धवट सुटले तर त्रास त्या रुग्णापुरता राहत नाही, घरच्यांनाही संसर्गाचा धोका वाढतो.

दुसरा धोका: चुकीचा सल्ला

आरोग्याच्या सूचनेत एक आकडा किंवा एक शब्द महत्त्वाचा असतो. ओआरएसची पूर्ण पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातल्या पाण्यातच घालायची असते. पाण्याचे प्रमाण बदलले तर लहान मुलाला अपाय होऊ शकतो. कुत्रा चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवायची असते आणि लस ठरलेल्या दिवशीच घ्यायची असते. स्नायूत देण्याच्या लसीचे दिवस 0, 3, 7, 14 आणि 28 असे असतात, तर त्वचेत देण्याच्या लसीचे 0, 3, 7 आणि 28. ही दोन वेळापत्रके एकमेकांत मिसळली तर एक डोस राहून जाऊ शकतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

भाषांतरातही गोंधळ होतो. 'पॉझिटिव्ह रिपोर्ट'चे 'सकारात्मक अहवाल' झाले, तर घरच्यांना ती चांगली बातमी वाटू शकते. म्हणून आरोग्याची कोणतीही सूचना भिंतीवर किंवा व्हॉट्सॲपवर जाण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्याने मूळ मजकुराशी ताडून पाहायलाच हवी.

असे प्रत्यक्षात घडते का? न्यूयॉर्क शहराने ऑक्टोबर 2023 मध्ये व्यावसायिकांना नियम समजावून सांगण्यासाठी एक चॅटबॉट सुरू केला. कामगारांना मिळालेल्या टिपमधून मालक वाटा घेऊ शकतो, अशी कायद्याविरुद्धची उत्तरे तो देत असल्याचे मार्च 2024 मध्ये पत्रकारांनी उघड केले. उत्तर शहराच्या अधिकृत संकेतस्थळावर असल्याने लोक त्यावर सहज विश्वास ठेवणार. आरोग्याच्या बाबतीत अशा विश्वासाची किंमत फार मोठी असते.

नियम काय सांगतात?

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी 2025 मध्ये चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने कार्यालयीन संगणकांवर वापरू नयेत, असे आपल्या कर्मचाऱ्यांना बजावले. सरकारी माहितीची गोपनीयता हे त्याचे कारण होते. पण ही सूचना त्या मंत्रालयापुरती होती. शिवाय कार्यालयीन संगणकावर बंदी घातली तरी खिशातला मोबाइल उरतोच. नुसत्या बंदीने वापर थांबत नाही, तो लपून होऊ लागतो. मग चूक झाली तरी कोणी सांगत नाही.

बोस्टन शहराने मे 2023 मध्ये वेगळा मार्ग घेतला. कर्मचाऱ्यांना वापराची मुभा दिली, पण तीन गोष्टी स्पष्ट केल्या: मिळालेला मजकूर तपासा, एआय वापरल्याचे सांगा, आणि संवेदनशील किंवा खासगी माहिती त्यात टाकू नका. आपल्या पालिकांनाही अशी एका पानाची, मराठीतली, शिपायापासून आयुक्तांपर्यंत सर्वांना समजेल अशी नियमावली करता येईल. सोबत सुरक्षित साधन आणि प्रशिक्षणही द्यावे लागेल. नाहीतर दोष शेवटी सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्यावर ढकलला जाईल.

रुग्णाच्या बाजूने आपल्याकडे कायदेही आहेत. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार कायद्यात दिलेले अपवाद सोडून, संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले असून त्यातील प्रमुख जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी 18 महिन्यांची मुदत आहे. तयारीसाठी पालिकांच्या हातात हाच काळ आहे. तसेच 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एआय डॉक्टरला मदत करू शकते, पण स्वतः रुग्णाला सल्ला किंवा औषध देऊ शकत नाही.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय करावे?

- माहिती देताना 'ही कशासाठी लागते आणि कुठे नोंदवली जाते?' असे शांतपणे विचारा. हा तुमचा हक्क आहे.
- रिपोर्टचा फोटो कोणाच्या वैयक्तिक मोबाइलवर पाठवण्याआधी दुसरा मार्ग आहे का ते पाहा. प्रत्यक्ष कागद दाखवणे अधिक सुरक्षित.
- औषधाचे प्रमाण, लसीची तारीख, पथ्य याबद्दलची सूचना आधीच्या सल्ल्याशी जुळत नसेल तर डॉक्टर किंवा परिचारिकेकडून खात्री करा. मात्र तोवर चालू औषध स्वतःहून बंद करू नका.
- तक्रारीला आलेले उत्तर तुमच्या प्रकरणाशी जुळत नसेल, तर ते कोणत्या अधिकाऱ्याने तपासले हे लेखी विचारा.
- एआय वापराबाबत पालिकेचे धोरण आहे का, हे माहिती अधिकारात विचारता येते. साधारणपणे 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे.
- स्वतःचा रिपोर्ट चॅटबॉटला विचारतानाही नाव, पत्ता, आधार क्रमांक झाका.

लक्षात ठेवा

या सगळ्याच्या भीतीने पालिकेच्या दवाखान्यात जाणे किंवा आजाराची खरी माहिती देणे टाळू नका. लपवलेल्या माहितीमुळे उपचार चुकतात. आपली माहिती सांभाळणे ही यंत्रणेची जबाबदारी आहे आणि ती पार पाडली जाते का, हे विचारत राहणे आपल्या हातात आहे. एआयने मजकूर लिहिला तरी त्याखाली सही माणसाची असते, आणि उत्तरही त्याच माणसाने द्यायचे असते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचारासाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)