बंबाचा खर्च कोणी सोसायचा?

अमळनेर : मार्च महिना जवळ आला की नगरपरिषदांच्या वसुली पथकांची लगबग वाढते आणि एरवी कपाटात पडून राहणारे घरपट्टीचे बिल बारकाईने वाचले जाते. राज्यातील अनेक नगरपरिषदांच्या या बिलात शिक्षण कर, रोजगार हमी कर आणि वृक्ष कर यांच्या जोडीला ‘अग्निशमन कर’ अशी एक छोटी ओळ असते. रक्कम फार मोठी नसते. तरीही चतुर्वार्षिक कर आकारणीच्या सुनावणीत या ओळीविषयी नाराजी उमटते. आग लागल्यावर बंब वेळेवर येणार नसेल, तर हा कर कशासाठी, असा साधा प्रश्न करदात्याच्या मनात असतो.

अमळनेरसारख्या शहरात हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही. जुन्या गावठाणातील अरुंद गल्ल्या, खेटून उभी असलेली घरे, बाजारपेठेतील कापडाची दुकाने आणि हंगामात जिनिंगच्या आवारात साठणारा कापूस हे सारे चटकन पेट घेणारे. त्यातच वैशाखातील संत सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते, तेव्हा खान्देशचा उन्हाळा ऐन भरात असतो. पाणीटंचाई आणि आगीचा धोका एकाच काळात उभे ठाकतात. हा धोका दूरचा नाही, याची जाणीव शेजारच्या धुळे जिल्ह्याला ३१ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रसायन कारखान्यातील स्फोटात डझनभराहून अधिक बळी गेले.

जबाबदारी स्थानिक, उत्पन्न तोकडे

कायद्याच्या दृष्टीने जबाबदारी स्पष्ट आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार आग विझविणे व आगीच्या वेळी जीवित आणि मालमत्तेचे रक्षण करणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवेचा समावेश आहे. काम स्थानिक संस्थेकडे आले, मात्र त्यासाठी पुरेल असे उत्पन्न त्याबरोबर आले नाही.

बंब खरेदी करणे हा या खर्चाचा लहान भाग होय. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषानुसार ५० हजार लोकसंख्येमागे एक बंब असावा. लाखाच्या घरात लोकसंख्या असलेल्या अमळनेरला या हिशेबाने दोन बंब लागतात. राखीव वाहन वेगळेच. एका बंबावर सहा जणांचे पथक धरले, तरी तीन पाळ्यांना १८ माणसे होतात. साप्ताहिक सुट्या आणि रजा धरल्यास ही संख्या विसाच्या पुढे जाते. ही माणसे वर्षातील बहुतेक दिवस वाट पाहत बसलेली दिसतात आणि काटकसरीची कात्री प्रथम तिथेच चालते. वास्तविक अग्निशमन सेवेत पैसा मोजला जातो तो सज्जतेसाठी. आग विझविण्याचे प्रसंग वर्षात किती आले, यावर तो अवलंबून नसतो.

एकाच कामासाठी अनेकदा पैसे

नाराजीचे दुसरे कारण दुहेरी आकारणीचे आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्यानुसार बांधकाम परवानगीच्या वेळी अग्निशमन सेवा शुल्क भरावे लागते. ज्या इमारतींना अधिनियम लागू आहे, तेथील यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करणेही बंधनकारक आहे. त्याचा खर्च मालक वा भोगवटादाराने सोसायचा असतो. म्हणजे कर वेगळा, शुल्क वेगळे आणि प्रमाणपत्राचा खर्च त्याहून वेगळा. मुंबईत २०२१ मध्ये महापालिकेने हे शुल्क मार्च २०१४ पासून पूर्वलक्षी प्रभावाने वसूल करण्याचे ठरविले, तेव्हा तीव्र विरोध झाला आणि तो निर्णय रोखून धरावा लागला.

तथापि, कागदावरील प्रमाणपत्र म्हणजे सुरक्षितता नव्हे, हेही याच वर्षाने दाखवून दिले. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आगीत दहा नवजात बालके दगावली. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातही तशीच दुर्घटना घडली.

हद्दीबाहेरचा भार

तिसरा पेच शहराच्या वेशीवर सुरू होतो. अमळनेर तालुक्यात सुमारे दीडशे गावे आहेत. ग्रामपंचायतीच्या बिलात सहसा घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर आणि पाणीपट्टी असते. अग्निशमनाची ओळ नसते. मात्र कडब्याची गंजी वा गोठा पेटला, की हाक जाते ती नगरपरिषदेच्या बंबालाच. माणुसकीच्या नात्याने बंब जातो आणि जायलाच हवा. मात्र त्याचा खर्च शहरातील करदात्यावर पडतो आणि तेवढा वेळ शहरही उघडे राहते. सर्वस्व जळालेल्या शेतकऱ्याकडून शुल्क मागणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

परदेशातही हा वाद आहे. अमेरिकेतील बहुसंख्य अग्निशमन जवान स्वयंसेवक आहेत, तरीही वाहने, केंद्रे आणि विमा यांचा खर्च वाढल्याने तेथील करदाते कुरकुर करतात. परंतु न्यूयॉर्क राज्यात अग्निशमन जिल्ह्याचा कारभार निवडून आलेले आयुक्त पाहतात आणि अर्थसंकल्पावर दरवर्षी जाहीर सुनावणी होते. आपला पैसा कुठे गेला, हे विचारण्याची जागा तेथील नागरिकाला ठाऊक असते. अमळनेरसह राज्यातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांपर्यंत सुमारे चार वर्षे प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात कराची वसुली सुरू राहिली. सभागृहात जाब विचारणारे मात्र कोणी नव्हते.

निधीची दारे अगदीच बंद आहेत असे नाही. अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२३ मध्ये ५ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. महाराष्ट्राचा कार्यक्रम सुमारे ६१५ कोटींचा असून त्यातील २५ टक्के वाटा राज्याचा आहे. त्यातून वाहने आणि केंद्रे उभी राहतील. परंतु त्यांवरील माणसांचा पगार वर्षानुवर्षे स्थानिक संस्थेलाच द्यावा लागेल.

म्हणूनच नव्या सभागृहांनी कराचा दर ठरविण्यापूर्वी हिशेब मांडणे अगत्याचे आहे. अग्निशमन करातून किती जमा झाले, वेतनावर व देखभालीवर किती खर्च झाला, किती हाकांना बंब गेला, तो पोहोचायला किती वेळ लागला आणि त्यांतील किती हाका हद्दीबाहेरच्या होत्या, एवढा तपशील बिलाच्या मागील बाजूस छापता येईल. तालुक्यासाठी होणाऱ्या खर्चात जिल्हा परिषद आणि बाजार समितीचा वाटा ठरविण्याची मागणीही याच आकड्यांच्या आधारे करता येईल. करदात्याचा रोष कराच्या रकमेपेक्षा तिच्या हिशेबावर अधिक आहे. तो हिशेब मिळाल्यास कदाचित हाच करदाता थोडा अधिक कर द्यायलाही तयार होईल.