पोटाचा कर्करोग आणि रक्तातील ट्यूमर मार्कर : रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे निश्चिंत व्हायचे का?

गेल्या काही वर्षांत 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यांच्या जोडीला 'कॅन्सर मार्कर' हा प्रकार दिसू लागला आहे. सीईए, सीए १९-९, कधी सीए ७२-४. लॅबचा माणूस सकाळी घरी येऊन रक्त घेतो आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. त्यात आता नवीन पिढीच्या चाचण्यांची भर पडली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रिलायन्सच्या मालकीच्या स्ट्रँड लाइफ सायन्सेसने 'कॅन्सरस्पॉट' ही एकाच रक्तनमुन्यातून अनेक कर्करोगांचा माग काढणारी चाचणी भारतात आणली. साहजिकच लोक विचारतात, "डॉक्टर, एवढी सोय असताना दुर्बीण घालून पोट कशाला तपासायचे?"

हे रिपोर्ट घेऊन दवाखान्यात दोन प्रकारचे लोक येतात. काहींचा आकडा थोडा वाढलेला असतो आणि त्यांची आठवडाभर झोप उडालेली असते. काहींचा आकडा नॉर्मल असतो, म्हणून दोन महिन्यांपासून वजन घटत असूनही ते निर्धास्त असतात. मला जास्त काळजी दुसऱ्या प्रकारच्या लोकांची वाटते.

ट्यूमर मार्कर म्हणजे नेमके काय?

कर्करोगाच्या पेशी काही प्रथिने किंवा तत्सम पदार्थ रक्तात सोडतात. रक्तातील त्यांचे प्रमाण मोजणे म्हणजे ट्यूमर मार्करची तपासणी. सीईएचा शोध १९६५ साली कॅनडात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी लावला. आतड्याच्या कर्करोगाची ही रक्ततपासणी ठरेल, अशी तेव्हा मोठी आशा होती. ती पुरी झाली नाही. कारण हे पदार्थ निरोगी शरीरातही थोड्या प्रमाणात असतात आणि कर्करोग नसलेल्या अनेक आजारांतही वाढतात.

पोटाच्या कर्करोगात ते कुठे कमी पडतात?

पहिली अडचण म्हणजे आजार असून न सापडणे. जठराच्या कर्करोगाचे निदान झालेल्या सर्व रुग्णांचा एकत्रित विचार केला, तर सीईए, सीए १९-९ किंवा सीए ७२-४ यांपैकी कोणताही एक मार्कर साधारण पाचापैकी एक ते तीनांपैकी एका रुग्णातच वाढलेला आढळतो. म्हणजे बहुसंख्य रुग्णांत तो नॉर्मल असतो. आजार जठराच्या आतील अस्तरापुरता असताना, म्हणजे पूर्ण बरा होण्याची शक्यता सर्वांत जास्त असताना, हे प्रमाण आणखी खाली जाते. शिवाय साधारण ५ ते १० टक्के लोकांचे शरीर त्यांच्या रक्तगटाच्या एका वैशिष्ट्यामुळे सीए १९-९ तयारच करत नाही. त्यांच्यात कर्करोग कितीही पसरला तरी हा आकडा वाढत नाही.

दुसरी अडचण म्हणजे आजार नसताना आकडा वाढणे. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए थोडे जास्तच असते. यकृताचे आजार, आतड्याची सूज, थायरॉइडची कमतरता यांतही ते वाढते. पित्ताशयातील खड्यामुळे पित्तनलिका अडली आणि कावीळ झाली, स्वादुपिंडाला सूज आली किंवा मधुमेह फार अनियंत्रित असला, तर सीए १९-९ वाढलेले दिसते. पित्तनलिकेतील अडथळा दूर झाला की ते बहुधा खाली येते.

हे हिशोबाने पाहू. समजा, कोणतीही तक्रार नसलेल्या १०,००० लोकांची तपासणी केली आणि त्यांपैकी फक्त ३ जणांना जठराचा कर्करोग आहे. मार्कर तीनांपैकी एकाला पकडतो आणि निरोगी लोकांपैकी ५ टक्क्यांमध्ये उगाच वाढतो, असे धरू. मग जवळपास ५०० जणांना लाल अक्षरातला रिपोर्ट मिळेल आणि त्यांत खरा रुग्ण एकच असेल. उरलेले दोघे 'नॉर्मल' रिपोर्ट घेऊन घरी जातील. ५०० जण सीटी स्कॅन, पेट स्कॅन यांच्या फेऱ्यात अडकतील ते वेगळेच. म्हणूनच तक्रार नसलेल्या माणसात जठराचा कर्करोग शोधण्यासाठी या मार्करची शिफारस केली जात नाही.

नवीन चाचण्यांचे काय?

नवीन चाचण्या वेगळ्या तत्त्वावर चालतात. गाठीतून रक्तात आलेल्या डीएनएच्या तुकड्यांवरील खुणा त्या वाचतात. सिंगापूरमध्ये तर खास जठराच्या कर्करोगासाठी 'गॅस्ट्रोक्लिअर' ही १२ मायक्रो-आरएनएंवर आधारित रक्तचाचणी विकसित झाली आहे. ही दिशा आश्वासक आहे, यात शंका नाही.

पण आकडे नीट वाचायला हवेत. अमेरिकेतील 'पाथफाइंडर' हा अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५० वर्षांवरील ६,६०० हून अधिक लोकांची अनेक कर्करोगांसाठीची रक्तचाचणी केली गेली. ९२ जणांत कर्करोगाचा संकेत मिळाला. पुढच्या तपासण्यांत त्यांपैकी ३५ जणांना खरोखर कर्करोग निघाला, ५७ जणांना नाही. त्याच वर्षभरात एकूण १२१ जणांना कर्करोगाचे निदान झाले. म्हणजे ८६ जणांचा आजार या रक्तचाचणीने दाखवलाच नव्हता. संकेत मिळाला तरी खात्रीसाठी स्कॅन, दुर्बीण आणि बायोप्सी करावीच लागते. या चाचण्या महाग आहेत. त्या घेतल्या तरी बाकीच्या तपासण्या सुटत नाहीत.

मग या मार्करचा उपयोग कधी होतो?

निदान झाल्यानंतर. बायोप्सीत कर्करोग सिद्ध झाला की उपचारांपूर्वी सीईए, सीए १९-९ मोजून ठेवतात. सुरुवातीला आकडा वाढलेला असेल, तर शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपीनंतर तो उतरतो का, काही महिन्यांनी पुन्हा चढतो का, यावरून उपचारांचा परिणाम आणि आजार उलटण्याची शक्यता यांचा अंदाज येतो. तुमच्या घरात असा रुग्ण असेल आणि कर्करोगतज्ज्ञ दर काही महिन्यांनी मार्कर करायला सांगत असतील, तर ती तपासणी टाळू नका. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, कारण पद्धत बदलली की आकडाही बदलतो. बायोप्सीच्या तुकड्यावर 'हर-टू' सारख्या ज्या चाचण्या होतात, त्या मात्र वेगळ्या. कोणते औषध लागू पडेल हे त्यांवरून ठरते.

जठराचा कर्करोग लवकर सापडतो कशाने?

तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीने, म्हणजे एंडोस्कोपीने. संशयास्पद जागेचा तुकडा त्याच वेळी घेता येतो. साधारण ६ ते ८ तास उपाशी राहावे लागते आणि बहुतेक वेळा तपासणी १०-१५ मिनिटांत आटोपते. हा आजार ज्यांच्याकडे फार आहे त्या दक्षिण कोरियात ४० वर्षांवरील नागरिकांसाठी दर दोन वर्षांनी तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात मुख्य भर एंडोस्कोपीवरच आहे.

भारतात सरसकट सर्वांना एंडोस्कोपी करण्याची गरज नाही. मिझोराममध्ये हा कर्करोग देशात सर्वाधिक आढळतो. महाराष्ट्रात त्याचे प्रमाण त्या मानाने बरेच कमी आहे. सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा समावेश आहे. ३० वर्षांवरील व्यक्तींनी त्या तपासण्या जरूर करून घ्याव्यात. पण जठराच्या बाबतीत पुढीलपैकी काही असेल, तर मार्करच्या रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा :

• प्रयत्न न करता वजन कमी होणे, भूक मंदावणे, थोडे खाल्ले तरी पोट गच्च होणे
• वारंवार उलट्या, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा रंग
• डांबरासारखी काळी, चिकट शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्यामुळे औषधे डॉक्टरांना सांगा)
• घास अडकल्यासारखे वाटणे
• कारण न सापडलेला रक्तक्षय, विशेषतः पुरुषांत आणि पाळी बंद झालेल्या स्त्रियांत
• पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर नव्याने सुरू झालेली 'ॲसिडिटी'

शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार दुर्लक्षिला जातो. मेडिकलमधून पॅन्टोप्राझोलची पट्टी आणायची, बरे वाटले की विसरायचे, पुन्हा जळजळ झाली की पुन्हा पट्टी. या गोळ्यांनी कर्करोगाच्या जखमेचा त्रासही काही काळ कमी होऊ शकतो आणि तेवढेच निदान लांबते.

आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' या जंतूच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे. श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने तो सापडतो आणि औषधांनी त्याचा नायनाट करता येतो. चाचणीआधी साधारण दोन आठवडे ॲसिडिटीच्या या गोळ्या आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावे लागतात. मात्र कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच थांबवा.

मार्कर आधीच करून घेतला असेल तर?

आकडा थोडा वाढला असेल तर घाबरून दर आठवड्याला तपासणी करू नका. रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. तंबाखू-सिगारेट, कावीळ, मधुमेह, चालू औषधे हे सगळे सांगा. बहुतेक वेळा काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासून, वाढ किती आणि कशी आहे ते पाहून पुढचे ठरवता येते. आकडा खूपच जास्त असेल किंवा चढत असेल, तर मात्र पुढच्या तपासण्यांना उशीर करू नका.

आकडा नॉर्मल आला आणि वरच्या यादीतली एकही तक्रार नसेल, तर पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा पैसे घालवू नका. आणि आकडा नॉर्मल असूनही तक्रार असेल, तर डॉक्टरांना आधी तक्रार सांगा, रिपोर्ट नंतर दाखवा.