स्तन राखायचा की काढायचा, हे अंतराने ठरू नये

स्तनाचा कर्करोग झाला की अख्खा स्तन काढून टाकावा, म्हणजे रोग मुळासकट जातो, हा समज गावात आणि शहरातही घट्ट आहे. पुरावा वेगळं सांगतो. इटलीतल्या मिलानमध्ये उंबर्तो व्हेरोनेसी यांनी 1973 ते 1980 या काळात लहान गाठ असलेल्या 701 स्त्रियांवर चाचणी केली. एका गटाचा स्तन काढला. दुसऱ्या गटात गाठ भोवतालच्या भागासह काढून किरणोपचार दिले. 2002मध्ये वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष आले. राखलेल्या स्तनात गाठ परतण्याचं प्रमाण अधिक होतं, पण जगण्यात फरक नव्हता.

मग पुणे जिल्ह्यातल्या सणसर गावच्या बाईचा निर्णय कशावर ठरतो? पुष्कळदा अंतरावर. स्तन राखला तर किरणोपचार बहुधा लागतातच आणि पुणे शंभरेक किलोमीटरवर. ऊसतोडीचा हंगाम, घर आणि जनावरं सोडून तिथे आठवडेच्या आठवडे राहणार कोण? त्यापेक्षा काढून टाकणं सोपं वाटतं. पण ही अडचण आता कमी करता येते. पाच आठवड्यांचा किरणोपचार तीन आठवड्यांवर आला आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी एका आठवड्यातले पाच डोसही तितकेच परिणामकारक असल्याचं ब्रिटनमधल्या चाचणीने 2020मध्ये दाखवलं. गाठ मोठी असली, तरी आधी केमोथेरपी देऊन ती लहान करता येते. मग काही जणींचा स्तन वाचतो.

‘आधी जीव, मग रूप’ हा आक्षेप रास्त आहे. काहींना स्तन काढावाच लागतो. पण तेव्हाही स्तनाच्या पुनर्रचनेची माहिती दिल्याने जीवाला धोका होत नाही. ‘पन्नाशीनंतर कशाला?’ हे मात्र सासरच्यांनी किंवा डॉक्टरांनी परस्पर ठरवू नये. पोटाचा स्नायू वापरून केलेल्या पुनर्रचनेने पोटाची ताकद कमी होऊ शकते; मोळ्या उचलणारी बाई ती नाकारेल, ब्रेसियरमधला कृत्रिम स्तन पसंत करेल किंवा काहीच नको म्हणेल. विचारून मिळालेला नकारही तिचाच निर्णय ठरतो.

खर्चाचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा पाच लाखांवर गेली आहे. आता पुनर्रचना, पुण्यातला मुक्काम आणि प्रवास हे उपचाराचेच भाग मानावेत. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सगळे पर्याय मराठीत लिहिलेले असावेत आणि ते समजावून सांगितल्यावरच बाईची सही घ्यावी.